सांता क्लारा काउंटीत नव्याने आलात? घराजवळच्या एका टेकडीपासून सुरुवात करा

सनीव्हेल, क्युपर्टिनो, मिलपिटास किंवा सॅन होजेत नवं बिऱ्हाड मांडलं की पहिले दोन-तीन महिने लायसन्स, बँक, शाळेचे फॉर्म आणि गाद्या-पलंग यांतच निघून जातात. मग एखाद्या सकाळी सिग्नलला थांबलेलं असताना लक्षात येतं, की गावाच्या दोन्ही बाजूंना डोंगर आहेत आणि आपण अजून एकदाही तिकडे गेलेलो नाही. तिथून पुढे काय करायचं, ते सांगण्यासाठी हा लेख.

नव्याने आलेली मंडळी बहुधा ‘बघायलाच हवीत अशी वीस ठिकाणं’ छापाची यादी शोधतात आणि दर शनिवारी एक याप्रमाणे ती उरकतात. गेली कित्येक वर्षं इथे चालल्यावर मी प्रत्येकाला वेगळंच सांगते: घरापासून वीस मिनिटांवरची एक टेकडी निवडा आणि वर्षभरात तिथे निदान सहा वेळा जा. फेब्रुवारीत पाहिलेली टेकडी ऑगस्टमध्ये ओळखू येत नाही. ऋतू कळला की बाकीची ठिकाणं कधी पाहायची हे आपोआप कळतं.

आधी डोंगर कसे बसलेत ते पाहा

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. सांता क्लारा काउंटीची लोकसंख्या १९ लाखांच्या आसपास आहे आणि जवळजवळ सगळी वस्ती मधल्या सपाट खोऱ्यात आहे. पश्चिमेला सांता क्रूझ डोंगर, पूर्वेला डियाब्लो रांग आणि उत्तरेला सॅन फ्रान्सिस्को उपसागराचं दक्षिण टोक.

ज्याने सह्याद्री पाहिलाय त्याला हे लगेच समजेल. समुद्रावरून येणारे ढग पश्चिमेच्या रांगेवर रिकामे होतात, म्हणून तिथे दाट सावली, ओढे, रेडवूडची उंच झाडं. ती रांग ओलांडेपर्यंत ढगांत फारसं काही उरत नाही, म्हणून पूर्वेच्या टेकड्या उघड्या, गवताळ, मध्ये मध्ये ओकची झाडं. एका बाजूला कोकणाकडचा उतार, दुसऱ्या बाजूला देशावरची माळरानं. दुपारच्या उन्हात कुठे जायचं नाही आणि पाऊस पडून गेल्यावर कुठे धावत जायचं, हे या एका गोष्टीवरून ठरवता येतं.

पाटी वाचा: ही जमीन कोणाची?

नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. बाहेरून सगळे ‘पार्क’ सारखेच दिसतात, पण मालक वेगळे आणि नियमही वेगळे.

काउंटीची स्वतःची २८ पार्कं आहेत. त्यांची सुरुवात १९२४ मध्ये क्युपर्टिनोजवळच्या स्टीव्हन्स क्रीकच्या जमिनीपासून झाली. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी गाडीमागे प्रवेशशुल्क असतं, आणि महिन्यातून एकदा तरी जाणार असाल तर वार्षिक पास परवडतो. पश्चिमेच्या डोंगरातल्या बहुतेक ‘ओपन स्पेस प्रिझर्व्ह’ मिडपेनिन्सुला रिजनल ओपन स्पेस डिस्ट्रिक्टच्या आहेत. १९७२ मध्ये मतदारांनी मतं देऊन ही संस्था उभी केली. तिथे प्रवेश फुकट, पण सोयी कमी: स्वच्छतागृह असेल तर असेल, पिण्याचं पाणी बहुधा नसतंच. दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे सांता क्लारा व्हॅली ओपन स्पेस ऑथॉरिटी आहे, ती १९९३ ची. शिवाय शहरांची उद्यानं, राज्याची स्टेट पार्कं आणि खाडीकाठचं केंद्र सरकारचं अभयारण्य.

म्हणून गाडीतून उतरलात की पहिली दोन मिनिटं ट्रेलहेडच्या, म्हणजे वाट जिथे सुरू होते तिथल्या, पाटीसाठी ठेवा. कुत्रा चालतो का, सायकल चालते का, फाटक किती वाजता बंद होतं, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. सूर्यास्तानंतर फाटकाला खरोखर कुलूप लागतं. डिसेंबरात इथे पाचच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी साडेतीनला निघणं म्हणजे उशीरच. आणखी एक: वाचनालयाचं कार्ड काढलं असेल तर पार्कचा पास मिळतो का ते विचारा. राज्याच्या पार्कांचा पास इथली वाचनालयं पुस्तकासारखा उसना देतात.

ऋतू उलटा आहे

आपल्या डोक्यात हिरवा डोंगर म्हणजे आषाढ-श्रावण. इथे माघ-फाल्गुन. पहिला खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, एप्रिलपर्यंत अधूनमधून पडत राहतो आणि मेपासून जवळजवळ थेंब नाही. त्यामुळे जून-जुलैत सुट्टी आहे म्हणून दुपारी टेकडीवर जाणं ही सगळ्यात सामान्य चूक. आम्हीही ती केली होती. पहिल्याच उन्हाळ्यात, दोन लहान मुलं आणि तिघांत दीड लिटर पाणी घेऊन अकरा वाजता उघड्या वाटेवर निघालो. तासाभरात धाकट्याचा चेहरा लालबुंद झाला आणि बोलणं बंद. एका ओकच्या सावलीत त्याला अर्धा तास बसवून, उरलेलं सगळं पाणी त्यालाच देऊन परतलो. दक्षिणेकडे मॉर्गन हिल-गिलरॉयच्या बाजूला पारा ३८ अंशांपर्यंत जातो आणि कोरड्या हवेत घाम आल्याचंही कळत नाही. मे ते ऑक्टोबर सकाळी आठच्या आत पाऊल वाटेवर असावं, नाहीतर सरळ खाडीकाठ किंवा रेडवूडची सावली गाठावी.

आता चांगली बाजू. जानेवारीत टेकड्यांवर पोपटी लव येते. मार्च-एप्रिलमध्ये पॉपी फुलते, गडद केशरी. ढगाळ दिवशी ती मिटून बसते, म्हणून ऊन असलेला दिवस निवडा. मेमध्ये गवत वाळून सोनेरी होतं. त्यातलं बरंचसं गवत मूळचं इथलं नाही, युरोपातून आलेलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बकआय नावाचं झाड भर उन्हाळ्यात पानं टाकून मोकळं होतं. नवखा माणूस ते मेलं समजतो, पण पाणी वाचवायची ती त्याची रीत आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पूर्वेच्या टेकड्यांवर संध्याकाळी टॅरँटुला कोळ्यांचे नर माद्यांच्या शोधात वाटेवरून चालताना दिसतात. हातभर अंतरावरून पाहा, ते अंगावर येत नाहीत.

फुलांसाठी एकच जागा सांगायची तर कोयोटे रिज. ओपन स्पेस ऑथॉरिटीने ती २०२३ मध्ये लोकांसाठी उघडली. तिथला सर्पेंटाइन खडक मातीला फार कस देत नाही, म्हणून परकी गवतं तिथे जोर धरत नाहीत आणि मूळची रानफुलं टिकून राहिली आहेत. कास पठाराचं गणित आठवा: जांभ्यावरची पातळ, निकस माती आणि म्हणूनच ती फुलांची चादर. इथल्या फुलांवर बे चेकरस्पॉट हे फुलपाखरू जगतं, जे १९८७ पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे. तिथे गाई चरताना दिसल्या तर नवल करू नका. मोटारींच्या धुरातला नायट्रोजन मातीत उतरून गवताला खत मिळतं, आणि ते गवत गाई खातात म्हणून फुलांना जागा उरते.

पहिला महिना: सपाट वाटा

गाडी अजून घेतली नसेल तरी अडत नाही. ओढ्यांच्या काठाने डांबरी वाटा आहेत: माउंटन व्ह्यूमधली स्टीव्हन्स क्रीक ट्रेल, सॅन होजेच्या मधून जाणारी ग्वादलूपे रिव्हर ट्रेल, लॉस गॅटोस क्रीक ट्रेल. चालायला, सायकलला, बाबागाडीला सगळ्यांना चालतात. स्टीव्हन्स क्रीकच्या वाटेने उत्तरेला गेलात की शोरलाइन पार्क लागतं. तिथली टेकाडं म्हणजे झाकलेला जुना कचरा डेपो आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

या वाटांवर दोन गोष्टी शिकून घ्या. एक, उजवीकडून चालायचं आणि चौघांनी रांग धरून वाट अडवायची नाही. मागून ‘ऑन युअर लेफ्ट’ असा आवाज आला की सायकलवाला डावीकडून पुढे जातोय, आपण उजवीकडेच राहायचं. दुसरी, समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला मान हलवून ‘हाय’ म्हणायचं.

दुसरा महिना: पहिली टेकडी

उत्तरेकडच्यांनी रँचो सॅन अँटोनियोपासून सुरुवात करावी. वाहनतळापासून मैलभरावर डिअर हॉलो फार्म आहे. शेळ्या, कोंबड्या, गाई पाहून मुलं आनंदाने चालतात, आणि मोठ्यांना पुढे चढ आहेतच. फक्त शनिवारी-रविवारी नऊनंतर गाडी लावायला जागा मिळणं कठीण. दक्षिण सॅन होजेकडच्यांना कोयोटे व्हॅली ओपन स्पेस प्रिझर्व्हमधली चार मैलांची अ‍ॅरोहेड लूप बरी, तीही हिवाळ्यात किंवा वसंतात. मिलपिटासवाल्यांच्या दारात एड लेव्हिन पार्क आहे. तिथली मॉन्युमेंट पीकची वाट मात्र दमछाक करणारी आहे, ती पहिल्याच दिवशी नको.

अंतराचा अंदाज असा घ्या. मैल म्हणजे १.६ किलोमीटर, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण चढ फुटांत लिहिलेला असतो आणि तिथे गफलत होते. चार मैलांवर पाचशे फूट चढ म्हणजे गप्पा मारत होणारी चाल. चार मैलांवर दीड हजार फूट म्हणजे गडाची चढण. मैलांआधी फूट वाचायची सवय लावा. उघड्या टेकड्यांवर आणखी एक गोष्ट: उतरताना सैल मुरमावर पाय घसरतो, म्हणून तळ झिजलेले बूट नकोत.

पाणी माणशी तासाला अर्धा लिटर, उन्हात जास्त. टोपी. एक जादा थर, कारण पश्चिमेच्या डोंगरात ढग शिरले की वीस मिनिटांत थंडी वाजते. नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा. ग्रँट, उव्हास, हेन्री को यांसारख्या डोंगरातल्या पार्कांत रेंज नसते. गाडीत काचेतून दिसेल असं काहीही ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा नाही.

बिब्बा आठवा: पॉइझन ओक

या भागातली एकच वनस्पती ओळखायची असेल तर ही. देठाला तीन पानं, कडा ओकच्या पानासारख्या वळणदार. वसंतात चकचकीत हिरवी, उन्हाळ्याच्या शेवटी सुरेख लाल, हिवाळ्यात नुसत्या काड्या. ती कधी झुडूप असते, कधी झाडावर चढलेली वेल. आपल्याकडे बिब्बा उततो तसाच प्रकार: पानातलं तेल कातडीला लागलं की दोन दिवसांनी पुरळ, फोड, आणि पुढे दोन-तीन आठवडे खाज. नातंही खरं आहे. बिब्बा, काजू, आंबा आणि हे झुडूप एकाच कुळातले. ज्यांना आंब्याच्या चिकाने किंवा बिब्ब्याने त्रास होतो, त्यांनी जास्तच जपावं.

पानं गळलेल्या काड्यांतही तेल असतं, आणि ते कपड्यांवर, बुटाच्या नाडीवर, कुत्र्याच्या अंगावर राहतं. वाटेच्या मधून चाला, मुलांना काठावरच्या काड्या उचलू देऊ नका. स्पर्श झालाय असं वाटलं तर लवकरात लवकर साबण आणि गार पाण्याने घासून धुवा आणि कपडे वेगळे टाका. लाल पानं सुंदर दिसतात म्हणून दसऱ्याच्या सजावटीसाठी एक ताई ती फांदी घरी घेऊन आल्या होत्या. पुढचे पंधरा दिवस त्या घरात कोणाला झोप नव्हती. तसंही पार्कातून फूल, पान, दगड काहीच उचलून न्यायचं नाही, पूजेसाठीही नाही.

इथे राहणारे प्राणी

एप्रिल ते ऑक्टोबर उबदार दिवशी वाटेवर रॅटलस्नेक हा विषारी साप दिसू शकतो. तो आपण होऊन अंगावर येत नाही. थांबा, दोन-तीन मीटर मागे सरका, त्याला जाऊ द्या. दगडाच्या फटीत, ओंडक्यामागे हात घालू नका. चावलाच तर ९११ ला फोन, हालचाल कमीत कमी, आणि दोरी बांधणं, चिरा देणं यांतलं काहीही करायचं नाही. माउंटन लायन डोंगरात आहेत, पण चालणाऱ्यांना ते क्वचितच दिसतात. दिसला तर पळू नका, पाठ करू नका, लहान मूल उचलून घ्या, हात वर करून मोठे दिसा, मोठ्याने बोला. याहून रोजचा धोका गोचिडीचा. उंच गवतातून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत पाहा; लाइम नावाचा आजार त्यातून होऊ शकतो.

ओकवर भोकं पाडून प्रत्येक भोकात एकेक फळ ठोकून ठेवणारा एकॉर्न वुडपेकर तर पाहाच. एखादं झाड म्हणजे त्यांच्या अख्ख्या कुटुंबाची कणगी असते. तीच ओकची फळं दळून, पाण्याने कडूपणा काढून इथले मूळ रहिवासी ओलोनी लोक त्यांचं अन्न करत.

वाटेवर घोडा आला तर सगळ्यांनी थांबायचं, सायकलवाल्यांनीही. बाजूला उभं राहून शांतपणे एखादा शब्द बोला, म्हणजे घोड्याला माणूस आहे हे कळतं. चढून येणाऱ्याला आधी वाट द्या. गुरांसाठीची फाटकं जशी सापडतील तशीच ठेवा. मोठ्या आवाजात गाणी नकोत, आणि आपल्या गटाचा आवाजही जरा आवरा. दहा-बारा जणांचा घोळका मजेत असतो तेव्हा तो किती लांब ऐकू जातो, ते आपल्याला कळत नाही.

टेकडी सवयीची झाली की पुढे

माझी आवडती जागा अल्माडेन क्विकसिल्व्हर. चार हजार एकरांहून मोठं हे पार्क म्हणजे जुनी पाऱ्याची खाण. पारा ज्यातून काढतात तो हिंगूळ, तांबडा लाल खनिज. आपल्याकडे रंगासाठी तो पूर्वापार माहीत, आणि ओलोनी लोकही याच डोंगरातला हिंगूळ अंग रंगवायला वापरत. १८४५ मध्ये एका मेक्सिकन अधिकाऱ्याने यात पारा आहे हे ओळखलं. त्यानंतर तीन वर्षांच्या आतच कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, आणि सोनं वेगळं करायला पारा लागतो, म्हणून या खाणीला बरकत आली. आज वाटेवर जुन्या भट्ट्या आणि खाणकामगारांच्या वस्तीच्या खुणा दिसतात. कुंपणापलीकडे जाऊ नका आणि आसपासच्या जलाशयांतला मासा खाऊ नका; पारा अजूनही पाण्यात उतरतो. इथे जायचा महिना मार्च, वेळ सकाळची.

पूर्वेला जोसेफ ग्रँट पार्क आणि त्याच रस्त्याने पुढे माउंट हॅमिल्टन. शिखर सुमारे १३०० मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या माथ्याइतकंच. वर १८८८ मध्ये पूर्ण झालेली लिक वेधशाळा आहे. तिची ३६ इंची दुर्बीण त्या वेळी भिंगाच्या दुर्बिणींत जगात सर्वात मोठी होती, आणि ज्याच्या पैशातून ती उभी राहिली त्या जेम्स लिकला तिच्याच खाली पुरलं आहे. रस्ता घाटाचा, वळणावळणाचा. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं आणि पेट्रोल खालूनच भरून न्यावं.

रेडवूडसाठी सॅनबॉर्न किंवा माउंट मॅडोना. मोठं झाड पूर्वी तोडलं गेलं, त्याच्या बुंध्याभोवती कोंब फुटले आणि त्यांचीच आज झाडं झाली, म्हणून ठिकठिकाणी झाडांची गोल रिंगणं दिसतात. रिंगणाच्या मध्ये उभं राहून वर पाहा. धबधब्यांसाठी उव्हास कॅन्यन, पावसानंतरच्या आठवड्यात. गर्दीच्या दिवशी गाडीची जागा आधी राखून ठेवावी लागते, ते घरून निघण्याआधी पाहा. हेन्री को हे उत्तर कॅलिफोर्नियातलं सर्वात मोठं स्टेट पार्क, सुमारे ८७ हजार एकरांचं. ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. तिथे एक ओढा उतरून पलीकडे चढलं की परतीचा चढ आपल्याला पुन्हा चढायचा असतो, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येतं.

उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत निघण्याआधी ‘रेड फ्लॅग’ म्हणजे वणव्याच्या धोक्याचा इशारा आणि हवेची प्रत पाहायची. ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडून लागलेल्या वणव्यांनी डियाब्लो रांगेतला फार मोठा भाग जळाला, हेन्री को पार्कचाही. इशारा असेल त्या दिवशी डोंगर नको.

आई-बाबा आले असतील तर

सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना दिवसभर घरात बसून कंटाळा येतो आणि आपण त्यांना मॉलमध्ये नेतो. त्यापेक्षा लॉस गॅटोसचं व्हसोना लेक पार्क पाहा: सपाट वाट, बाकं, स्वच्छतागृह, बदकं, आणि शेजारीच नातवंडांसाठी छोटी आगगाडी. गुडघे कुरकुरत असतील तर माउंट अमुनमला गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. ३,४८६ फुटांवर शीतयुद्धातल्या हवाई दलाच्या रडारचा काँक्रीटचा मोठा ठोकळा अजून उभा आहे. १९८० मध्ये ते ठाणं बंद झालं आणि माथा लोकांसाठी खुला व्हायला २०१७ उजाडलं. ओलोनींच्या भाषेत या नावाचा अर्थ हमिंगबर्डची विश्रांतीची जागा. वर वारा फार, बाबांना स्वेटर घालायला लावा.

आणि थंडीत अल्विसोचा खाडीकाठ. पूर्वीच्या मिठागरांची पुन्हा पाणथळ जागा करायचं मोठं काम तिथे चालू आहे. डिसेंबरात सकाळी दुर्बीण घेऊन गेलात तर थापट्या आणि तलवार बदकांचे थवे दिसतील, तेच पक्षी जे हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला येतात. माझ्या सासऱ्यांनी पहिल्यांदा तिथे थापट्या ओळखला, त्यानंतर रोज सकाळी तेच विचारायचे, आज खाडीवर जायचं का?